धाकल्या पाटलाचा फेटा

“काढ तिले बाहेर! सुकदेव, पहिले तिले बाहेर काढ!”

श्रीपत नाना आमच्या ओट्यासमोर उभे राहून ओरडत होते आणि त्यांच्यामागे अख्खं गाव उभं होतं. अख्खं म्हणजे अख्खं. अर्धांगवायूनं खाटेला खिळलेला भिका तेलीसुद्धा त्या दिवशी तमाशा बघायला चालत आला होता असं मी इतकी वर्षं सांगत आले आहे, आणि आता ते मलाही खरं वाटायला लागलं आहे. नानांच्या हातात पितळेची परात होती, परातीत लाल कापड, आणि कापडाखाली वानराचं मेलेलं पिलू. बाहेर फक्त शेपटी लोंबत होती, माझ्या करंगळीएवढी, काळी. नाना ओरडले की परात हलायची आणि ती शेपटीही हलायची. मला त्या शेपटीकडे बघवत नव्हतं आणि दुसरीकडे कुठे बघावं तेही कळत नव्हतं.

“हाई तिसरं पिलू शे,” नाना म्हणाले. “या गावमा गोफन कोन फिरावस? मारुतीना दारमा वांदरले दगड कोन मारस? जिना पोटले पोर नई, तिले दुसरानं पोर दखावत नई!”

सुकदेव म्हणजे माझे वडील. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. ते उंबऱ्यात हात जोडून उभे होते. माणूस इतका भला की बैलालाही ‘जरा सरकता का’ असं विचारत. आणि नाना ज्या बाईला बाहेर काढा म्हणत होते ती आबांची थोरली बहीण, अक्का, आत चुलीपुढे बसून कळण्याची भाकरी थापत होती. गाव दारात उभं आहे म्हणून तिनं हात थांबवला नाही. आतूनच म्हणाली, “थांब म्हना त्यासले. भाकर तवावर शे, जळी जाई.”

भाकरी उतरवून, पिठाचे हात तसेच घेऊन ती बाहेर आली. परातीतलं कापड दोन बोटांनी उचलून पाहिलं, परत नीट झाकलं आणि म्हणाली, “मी मारं नई.” एवढंच. एका कुरतडलेल्या पेरूसाठी जी बाई घटकाभर शिव्या देई, आणि एकही शिवी पुन्हा वापरत नसे, तिच्याकडे त्या दिवशी एवढेच शब्द होते. माझ्या तर कानशिलातून वाफा निघत होत्या. मी पुढे झाले तर मायनं माझी वेणी मागून अशी धरली की आजही त्या जागी केस विरळ आहेत.

निवाडा नानांनी तिथल्या तिथे केला. शनिवारी पाटलाच्या समाधीपुढे अक्कानं गावासमक्ष नाक घासायचं, आणि मग तिला पिंपळनेरला नवऱ्याकडे धाडायचं. नाही केलं तर? “तं तुना वावरमा कापूस येचाले कोनीबी येनार नई.” कापूस शेतात फुटून लोंबत होता. आबांनी मान खाली घातली आणि म्हणाले, “शनिवारलोंग दखू.” ‘शनिवारपर्यंत बघू’ या वाक्याचा राग मला आबा जाईपर्यंत होता. ते गेल्यावरही थोडा शिल्लक आहे.

आता पाटील कोण आणि समाधी कसली हे सांगितलं पाहिजे, नाहीतर तुम्हाला वाटेल हा कोणा माणसाचा विषय चालला आहे.

आमचं गाव धरणगावच्या बाजूला, एस.टी. सोडून गाडरस्त्यानं आत. गावाच्या टोकाला मारुतीचं मंदिर, त्यावर पिंपळ, आणि मंदिराच्या भिंतीला लागून आमची पेरूची बाग. आमच्याकडे पेरूला जांब म्हणतात. ही बाग आजोबांनी अक्काच्या नावानं केली होती, कारण पिंपळनेरच्या तिच्या नवऱ्यानं मूल होत नाही म्हणून दुसरी बायको आणली आणि हिला एका ट्रंकेसह एस.टी.त बसवून दिलं. दुसरीलाही मूल झालं नाही, पण तिसरी आणायची हिंमत त्या गृहस्थाला झाली नाही. असा दोष आपल्यात असू शकतो हे मात्र त्याच्या डोक्यात मरेपर्यंत आलं नसावं. अक्का आमच्या घरी आली ती घराचा आवाज होऊन. सकाळी तिचा आवाज, मग कोंबड्याचा. ती बागेत “हाऽऽड” म्हणून ओरडली की पाचोऱ्याला जंक्शनमध्ये उभी असलेली गाडी शिटी न होता सुटायची. खोटं वाटत असेल तर तिथल्या स्टेशनमास्तरांना विचारा. ते वारले, ही गोष्ट वेगळी.

अक्काची गोफण अंबाडीच्या दोराची होती आणि तिचा नेम देवाघरून आणलेला होता. उडत्या माशीचा डावा पंख काढायचा की उजवा, हे ती आधी विचारून घेत असे. पण वानराच्या अंगाला तिनं कधी दगड लावला नाही. दगड फांदीवर, बुंध्यावर, मंदिराच्या पत्र्यावर. “माले जांब वाचाडना शेत, पाप नई लेवानं,” म्हणायची. पत्र्यावर दगड वाजला की टोळी पिंपळावर उडायची आणि वरून ‘पाटील’ खाकरायचा. पाटील म्हणजे टोळीतला म्होरक्या हुप्प्या. डावा कान फाटलेला, पोट सुटलेलं, आणि बसायची ढब अशी की पुढे फक्त तंबाखूची पिशवी कमी होती. हे नाव गावानंच ठेवलं. अक्का आणि तो समोरासमोर आले की ती म्हणायची, “तुना मुडदा निंघो रे काया तोंडना!” आणि तो तिला दात दाखवायचा. मला तर वाटतं दोघांना एकमेकांवाचून करमत नव्हतं.

आमच्या घराचं धाबं, म्हणजे मातीचं सपाट छप्पर, पिंपळाच्या बरोबर समोर होतं. हिवाळ्यात मिरच्या वाळत घालायचं काम माझ्याकडे, म्हणून मी दिवसभर वर. शाळेत मन लागत नव्हतं ते इथे लागलं. खालून पऱ्हाटीच्या काड्यांवर भाजत्या वांग्यांचा वास यायचा, माय भरीत लाकडी बडगीत ठेचायची त्याचा धपधप आवाज, आणि समोर पिंपळावर एक अख्खं कुटुंब. सकाळी पानं ओरबाडून खायची, मग पोटं फुगवून दुपारभर पेंगत बसायची. कारण वानराचं पोट गाईसारखं कप्प्याकप्प्यांचं, पाला मुरायला वेळ लागतो. हे कप्प्यांचं मला पुढे कळलं, जळगावला कॉलेजात प्राणीशास्त्र घेतल्यावर. पुढे धुळ्याला शाळेत मी तेच शिकवलं, आणि शिकवताना दरवेळी फळ्याऐवजी हा पिंपळच डोळ्यांपुढे असायचा.

तान्हं पिलू जन्मलं की काळं कुळकुळीत, मोठी वानरं राखाडी. ते काळं गाठोडं एका मांडीवर कधी राहायचंच नाही. मावशीनं ओढायचं, मोठ्या बहिणीनं हिसकायचं, एखाद्या अडाणी पोरीनं उलटं धरायचं, मग ते किंचाळलं की आजीनं येऊन पोरीच्या कानाखाली ओढायची. सगळ्या माद्या एका घरच्या. आई, लेक, भाची. मी हे अक्काला सांगितलं तेव्हा ती भिंत सारवत होती. पिंपळाकडे बघून म्हणाली, “म्हंजे या वांदरीसन्या पोरी सासरले जातस नई?” मी म्हटलं, नाही, पोरं घर सोडून जातात, पोरी राहतात. “मंग आपलाच जलम चुकना,” अक्का म्हणाली आणि शेणाचा हात भिंतीला पुसला.

त्या हिवाळ्यात पाटील विजेच्या तारेला चिकटून मेला. आणि गावाला चेव आला. गावात पाण्याची टाकी बांधायला माणसं जमत नव्हती, ती पाटलाच्या तिरडीला जमली. बँड आला, गुलाल उधळला, पाटलाला बसवून धोतर नेसवून बैलगाडीतून मिरवलं. श्रीपत नाना हे माजी सरपंच आणि मंदिराचे कारभारी. त्यांच्या मिशा तालुक्याला माहीत. एका टोकावर लिंबू ठेवून ते दुसऱ्या टोकानं सही करत. त्या मिशा त्यांनी पाटलासाठी उतरवल्या. स्वतःचा बाप गेला तेव्हा ‘सर्दी होते’ म्हणून ज्या माणसानं डोकं भादरू दिलं नव्हतं, त्यानं! आसपासच्या गावांची माणसं रीतीप्रमाणे सांत्वनाला दारावर यायला लागली, बायका डोक्यावर पदर ओढून मंदिराच्या दारात बसून खऱ्या रडल्या. पिंपळाखाली चौथरा बांधून समाधी झाली. आणि ठरल्या दिवशी गंधमुक्ती, म्हणजे सुतक फिटायचा विधी, आणि वरण-बट्टीचं गावजेवण. त्या जेवणात नानांनी अक्काला म्हटलं की समाधीला सभामंडप पाहिजे, तेव्हा बागेचा कोपरा सोड. अक्का म्हणाली, “तुन्या मिशा परत उग्यावर दखू.”

पंगत हसली. नाना हसले नाहीत.

तर त्याच गंधमुक्तीच्या दिवशी पिंपळावर रणकंदन माजलं. डोंगराकडून हुप्प्यांची एक टोळी आली होती. हे बिनघराचे तरणे नर, टोळक्यानं फिरणारे. एकमेकांना ओरबाडत, दात विचकत, फांद्या मोडत त्यांनी पिंपळ डोक्यावर घेतला, आणि शेवटी त्यातल्या एका दांडग्यानं बाकीच्यांना हुसकून लावून वरच्या फांदीवरून असा हुप केला की पंगतीतल्या वरणाला लाटा आल्या.

“आंडोर उना!” मुलगा आला म्हणत नाना ताटावरून उठले. “बापनी गादी चालावाले पाटीलना आंडोर उना!”

माणसाच्या गंधमुक्तीला थोरल्या मुलाला फेटा बांधतात, तशी आमच्याकडची चाल. ती चाल या शहाण्यांनी वानराला लावली! गुलाबी फेटा आणून समाधीवर ठेवला, सगळे हात जोडून मागे सरले. तो दांडगा खाली आला, फेटा हुंगला, टराटरा उकलला आणि त्यावर बसून शेंगा खाल्ल्या. फेटा स्वीकारला म्हणून टाळ्या पडल्या. धाकले पाटील असं नाव झालं. मी वर धाब्यावर होते, मला किंचाळावंसं वाटत होतं. अरे, पाटलाची पोरं ती काळी गाठोडी! आयांच्या पोटाला चिकटून वर थरथरताहेत ती! मोठी पोरं केव्हाच घर सोडून गेली. हा कोण उपटसुंभ आहे हे विचारा तरी कोणी!

पुढचं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. तो ओरडून-ओरडून माद्यांच्या मागे धावायचा, पण ज्यांच्या पोटाला तान्हं होतं त्यांच्याच. बाकीच्यांकडे ढुंकूनही नाही. म्हाताऱ्या माद्या मधे पडायच्या, त्याच्या पाठीला चावायच्या, मावश्या पिलू घेऊन शेंड्यावर पळायच्या. एका सकाळी एका आईच्या हातातलं पिलू हलत नव्हतं. ती ते मेलेलं पिलू घेऊन फिरत राहिली, खाताना मांडीवर ठेवायची, उडी मारताना हाताशी धरायची, त्याच्यावरच्या माश्या हाकलायची. ते वाळून कातडं झालं तरी. नवा नर असं का करतो याचं कारण पुस्तकात आहे: अंगावर पाजणारी मादी लवकर माजावर येत नाही, पिलू गेलं की येते, मग याचं पिलू होतं. धुळ्याच्या वर्गात हे मी शांतपणे सांगत असे. मुलांना वाटे बाई किती शांत आहेत. बाईंच्या हातातल्या खडूचं मात्र पीठ झालेलं असे.

तिसऱ्या पिलानंतर नाना परात घेऊन आले, आणि मी गावात सांगितलं. पाणवठ्यावर सांगितलं, शाळेत सांगितलं, पिठाच्या गिरणीत गिरणी बंद करायला लावून सांगितलं. धाकल्या पाटलानं मारलं! गुरुजी म्हणाले, “बेबी, वानर वानराला मारत नसतं. ती माणसाची खोड.” बायका आमच्या आत्या-भाचीच्या नात्यावर बोट ठेवून म्हणाल्या, “फुईनी बाजू भाची नई लेवाव तं कोन लेई?” आणि लोक हसले. मला मारलं असतं तरी चाललं असतं. ते हसले.

शनिवार उजाडला. समाधीभोवती सगळं गाव, पुढे पुरुष, मागे लेकुरवाळ्या बायका. समाधीवर तोच फाटका फेटा, भोवती शेंगांची रास. अक्का नवं लुगडं नेसून आली. कमरेला गोफण खोचलेली होती. नाना म्हणाले, “ती आठे कसाले आनी?” अक्का म्हणाली, “आठेन सरळ बागमा जासू.” आबा तिच्याजवळ उभे होते. त्यांच्या हातात तिची ट्रंक होती. होय, ट्रंक! सकाळीच त्यांनी ती माळ्यावरून काढली होती. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांनी ट्रंक या हातातून त्या हातात घेतली.

“घास नाक,” नाना म्हणाले.

अक्का खाली वाकायला लागली, तोवर शेंगांच्या वासानं टोळी उतरली होती. कडेला एक मादी, पोटाला काळं पिलू, एका हातानं घाईघाईनं शेंगा गोळा करत होती. धाकले पाटील चौथऱ्यावरून उडाले. पुढचं सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत झालं. त्यानं पिलू दातात धरून ओढलं, आई किंचाळली, दोन मावश्या त्याच्या मानेवर पडल्या, तो त्यांना अंगाखांद्यावर घेऊन तसाच, पिलू तोंडात, नानांच्या समोर. नानांच्या धोतरावर रक्ताचे थेंब उडाले. सगळं गाव बघत होतं. बठ्ठं गाव! कोणी हललं नाही. देवाच्या तोंडात हात कोण घालणार?

गोफण फिरल्याचा आवाज मी ओळखत होते. त्या दिवशी दगड बुंध्यावर गेला नाही, पत्र्यावर गेला नाही. तो धाकल्या पाटलाच्या खांद्यात असा बसला की, मी शपथेवर सांगते, त्याचा अर्धा हुप थेट पिंपळनेरला ऐकू गेला. तोंड उघडलं, पिलू पडलं. आईनं उचललं, मावश्यांनी दोघांना मधे घेतलं, आणि सगळ्या शेंड्यावर. पिलू वरून ओरडत होतं. जिवंत होतं.

अक्का गोफण गुंडाळत म्हणाली, “आते सांग. नाक कोठे घासू?”

नानांनी धोतराचा सोगा झटकला. आणि काय म्हणावं या माणसानं? “तू देवले दगड मारा. बठ्ठासना समोर मारा.” पिलाचं रक्त धोतरावर, आणि हे बोलणं! मी शिवी हासडली. काय ती इथे लिहीत नाही. माझे विद्यार्थी हे वाचतील.

पण मागे बायका उठत होत्या. आधी एक उठली, कडेवरचं पोर पदराखाली घेऊन. मग तिच्या शेजारची. कोणी नानांकडे पाहिलं नाही. अक्काजवळून जाताना एकीनं तिच्या खांद्यावरचा घसरलेला पदर नीट केला आणि पुढे गेली. प्रसादाचं पातेलं चुलीवर करपू लागलं, ते उतरवायलाही कोणी राहिलं नाही. पुरुष राहिले, फेटा राहिला. आबांनी इकडेतिकडे पाहिलं, ट्रंक डोक्यावर घेतली आणि घराकडे निघाले. सोमवारी त्याच बायका आमच्या वावरात कापूस वेचायला हजर. पिंपळनेरचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही, आणि माफीचंही नाही.

थोड्या दिवसांनी मी धाब्यावरून पाहिलं, ज्यांची पिलं गेली होती त्याच माद्या माजावर येऊन धाकल्या पाटलापुढे मान झटकत उभ्या राहायला लागल्या होत्या. मी संतापून खाली आले आणि अक्काला म्हटलं, यांना लाज कशी नाही? अक्का बडगीत मिरच्या ठेचत होती. “ती कोठे जाई?” म्हणाली, आणि ठेचत राहिली.

होळीच्या सुमारास नाना पुन्हा आमच्या ओट्यावर आले. एकटे. मिशा बोटभर वाढल्या होत्या. धाकले पाटील आता त्यांच्याच घरावर मुक्कामाला होते. कौलं फोडत होते, पापड पळवत होते, सुनेला अंगणात येऊ देत नव्हते. “अक्का,” नाना खाली बघत म्हणाले, “जरासी गोफन लई येशी का?”

अक्का चुलीपुढून उठली नाही. भाकरी उलथत राहिली. पण माझी वेणी धरायला माय त्या दिवशी घरात नव्हती. मी ओट्यावर जाऊन नानांच्या तोंडासमोर उभी राहिले आणि गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले: आधी म्हणा! इथे, या ओट्यावर, मोठ्यानं म्हणा की अक्कानं एकही पिलू मारलं नव्हतं! मग गोफणीचं बघू!

नानांनी टोपी काढून डोकं खाजवलं आणि परत घातली.

“ते तं बठ्ठासले पहिलेच माहीत व्हतं, पोरी,” ते म्हणाले.